‘भूमिका’तला जमीनदार आणि सक्तीचे नियंत्रण

सक्तीचे नियंत्रण (जोडीदाराचा पैसा, येणे-जाणे आणि भेटीगाठी आपल्या मुठीत ठेवणे) हा विषारी प्रेमाचा गाभा असतो. मारहाण ही त्याची एकच खूण, असा समज मात्र सर्वत्र आढळतो. जळगावकडे केळीच्या बागेच्या कडेला शेवरी लावतात. ती उन्हाळी झळा अडवते. पण बागेतच माजली तर केळीचे ऊन-पाणी खाते. काळजी आणि ताबा यांतला फरक असाच आहे.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटात अशा ताब्याचे दोन नमुने दिसतात. तो हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर बेतलेला आहे. त्यात उषा या अभिनेत्रीची भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवरा केशव उषाच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावरच संशय घेतो. हा संशय जिव्हाळ्यापेक्षा हातचे निसटण्याच्या भीतीतून येतो. जमीनदार काळे (अमरीश पुरी) याचे उदाहरण अधिक बोलके. उषा त्याच्या घरी राहू लागते. तिथे निवारा आहे, सुबत्ता आहे; पण ती त्याच्या मुलाला जत्रेला न्यायला निघते तेव्हा उंबरा ओलांडायची मुभा नसल्याचे तिला कळते.

‘डर’ (१९९३) या चित्रपटातल्या, नायिकेचा पाठलाग करणाऱ्या राहुलसारख्याला ‘वेडा’ म्हणून मोकळे होणे सोपे, पण बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात. खलनायकाच्या जखमा त्याच्या वागण्याचे कारण सांगतात, जबाबदारी पुसत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो.