ब्रेक डिस्क बदलायची कधी? किलोमीटर नव्हे, जाडी पाहा

छत्रपती संभाजीनगर : ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच वेळी तब्बल १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या आणि तेव्हाचे औरंगाबाद देशभर चर्चेत आले. मात्र आलिशान मोटार घेणे वेगळे आणि तिचे ब्रेक सांभाळणे वेगळे.

ब्रेक डिस्क अमुक किलोमीटरनंतर बदलावी, असा ठरावीक नियम नाही. साधारणतः पॅडचे दोन संच झिजेपर्यंत एक डिस्क टिकते. परंतु शहरातील गर्दीत किंवा कन्नडच्या घाटात सतत ब्रेक दाबल्यास ती लवकर झिजते.

निर्णायक ठरते ती जाडी. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. नवी डिस्क ३० मिलिमीटरची असेल, तर मर्यादा साधारण २८ च्या आसपास असते. म्हणजे अवघ्या दोन मिलिमीटरचा प्रश्न! पातळ डिस्क लवकर तापते, ब्रेक ऑईल उकळू शकते आणि ऐन उतारावर पेडल निकामी होण्याचा धोका संभवतो.

डॅशबोर्डवरील इशारा देणारा दिवा सहसा पॅडची झीज दाखवतो, डिस्कची नव्हे. त्यामुळे पॅड बदलताना प्रत्येक वेळी मायक्रोमीटरने डिस्कची जाडी मोजून घ्यावी. डिस्कला तडे गेल्यास किंवा ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरल्यास त्वरित तपासणी करावी. डिस्क बदलताना एकाच ॲक्सलवरील दोन्ही डिस्क नव्या पॅडसह बदलणे हिताचे.