थकवा – शत्रू की राखणदार?



पहाटे बेळगावच्या कॅम्प भागातून गेलात तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातील नवे जवान पळताना दिसतात. त्याच वेळी गावोगावच्या मैदानांवर सैन्यभरतीची तयारी करणारी आपली मुलेही घाम गाळत असतात. आपल्या शाळेतून बाहेर पडलेला असाच एक मुलगा मध्यंतरी भेटला. 1600 मीटरच्या धावण्यात त्याला काही सेकंद कमी पडत होते. तो हळूच म्हणाला, “सर, फौजेत म्हणे एक गोळी असते. ती घेतली की दमच लागत नाही. खरं का?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. सैनिक थकू नये, जास्त ओझे वाहावे, उंचावर टिकावा यासाठी जगातील लष्करांनी गेली ऐंशी-नव्वद वर्षे पुष्कळ संशोधन केले आहे. त्यातून काय निघाले, ते आपण थोडक्यात पाहू.

प्रथम गोळीची गोष्ट. अशी गोळी खरोखरच होती. 1938 साली बर्लिनच्या टेमलर कंपनीने ‘परव्हिटिन’ नावाची गोळी बाजारात आणली. तिच्यात मेथॲम्फेटामिन हे द्रव्य होते. ओटो रांके या लष्करी शरीरशास्त्रज्ञाने ती विद्यार्थ्यांना देऊन पाहिली. मुले रात्रभर जागी राहिली. पण डोके चालवावे लागणाऱ्या कामात त्यांची हुशारी काही वाढली नाही. तरीही जागे राहणारे सैनिक लष्कराला हवेच होते. 1940 च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन भूदल आणि हवाई दलाला या प्रकारच्या सुमारे 3.5 कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश आणि अमेरिकन फौजाही बेंझेड्रिन ही तिच्याच जातीची गोळी वापरत होत्या.

या गोळीने नेमके काय होते? मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायने एकदम भरपूर सुटतात. झोप उडते, भूक मरते, छाती धडधडते आणि आपण काहीही करू शकतो असे वाटू लागते. पण स्नायूंत नवी शक्ती येत नाही. गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर कागद चिकटवला म्हणून टाकी भरते का? टाकी रिकामी होतच असते, फक्त आपल्याला ते दिसत नाही. गोळीचा असर उतरला की सैनिक गळून जात आणि त्यांना सावरायला बराच वेळ लागे. काहींना गोळीची सवय जडली, काहींच्या हृदयावर ताण आला. अखेर 1941 मध्ये खुद्द जर्मन सरकारनेच ही गोळी अफूच्या कायद्याखाली आणली. त्यानंतरही युद्धात तिचा वापर पूर्ण थांबला नाही, ही गोष्ट वेगळी.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले की, शरीराला हात न लावता बाहेरूनच बळ पुरवले तर? अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा तयार करण्याचे प्रयत्न यातून सुरू झाले. 1960 च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डीमन’ नावाचा सांगाडा करायला घेतला. त्याचे वजन सुमारे 680 किलो भरले! सगळे भाग एकदम चालू केले की तो वेडावाकडा झटके देई, म्हणून माणूस आत असताना तो कधी पूर्ण चालवलाच नाही. फक्त एक हात नीट काम करू शकला. पुढे 2009 मध्ये लॉकहीड मार्टिन कंपनीने ‘हल्क’ हा पायांचा सांगाडा लोकांपुढे आणला. सुमारे 90 किलोचे ओझे तो आपल्यावर पेलणार होता. मात्र त्या काळातील अशा काही सांगाड्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा उलटेच दिसले. ते घालून चालणाऱ्याला प्राणवायू कमी लागण्याऐवजी जास्तच लागत होता. आपले चालणे दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक पावलाला घोटा, गुडघा आणि कंबर एकमेकांशी जुळवून घेत असतात. यंत्र त्या तालात थोडे जरी मागे पडले तरी माणसाला यंत्राशीच झुंजावे लागते. शिवाय बॅटरीचे ओझे वेगळेच. 2013 मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांनी ‘टालोस’ नावाच्या संपूर्ण चिलखताची घोषणा केली. ते काम 2019 मध्ये थांबले. काही सुटे भाग उपयोगाचे ठरले, पण चित्रपटातल्यासारखे चिलखत काही उभे राहिले नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. 1962 च्या युद्धात सपाटीवरच्या जवानांना घाईघाईने हिमालयात चढवावे लागले. शत्रूची गोळी न लागताही अनेक जण आजारी पडले, काही दगावले. हवा विरळ झाली की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतील दाब वाढतो आणि पाणी झिरपून फुप्फुसात साचते. इंदर सिंग या लष्करी डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह अशा आजाराच्या 1925 जवानांचा अभ्यास केला. तो 1969 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

या प्रकारच्या अभ्यासातून जो उपाय घट्ट झाला, तो गोळीही नाही आणि यंत्रही नाही. तो आहे मुक्काम. आपल्या सैन्यात 9,000 ते 12,000 फुटांवर पहिले 6 दिवस थांबायचे, त्यातले सुरुवातीचे दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे. मग 15,000 फुटांपर्यंत आणखी 4 दिवस आणि त्याहून वर पुन्हा 4 दिवस. लेह सुमारे 11,500 फुटांवर आहे. तिथे विमानाने उतरलेला जवान कितीही धडधाकट असला तरी त्याला या नियमातून सूट नाही. या दिवसांत श्वास खोल होतो, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचा तोल साधतात आणि तांबड्या पेशी वाढू लागतात. आजारावर औषधे आहेत, पण या मुक्कामाची जागा ती घेऊ शकत नाहीत. शरीराला वेळ दिला की ते स्वतःच बदलते, हेच तर यातले शास्त्र आहे.

त्या मुलाला मी हेच सांगितले. थकवा हा आपल्या शरीराचा राखणदार आहे. हृदय, स्नायू आणि अंगातली उष्णता हाताबाहेर जाऊ लागली की तो आरडाओरडा करतो. राखणदाराला गुंगी देऊन घर सुरक्षित होत नाही. भरतीच्या मैदानावर उन्हात धावताना तर ते जिवावर बेतू शकते. रोजचा सराव, मध्ये एखादा दिवस विसावा, पोटभर साधे जेवण आणि पुरती झोप यांनी तोच राखणदार हळूहळू जरा उशिरा ओरडायला शिकतो. आपण ज्याला दमसास म्हणतो, तो हाच.

दहावीच्या मुलामुलींनीही हे लक्षात ठेवावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी कोणी एखादी गोळी पुढे केली, तर रांकेच्या प्रयोगातली ती मुले आठवा. ती जागी राहिली होती, पण हुशार झाली नव्हती. वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत.

तो मुलगा अजून रोज पहाटे पळतो. भरती झाला की नाही, ते पुढच्या अंकात सांगू. तोवर तुम्हीही वेळेवर झोपा!