हिरव्या आकड्यांची हजेरी

सावनेरच्या एखाद्या भंगाराच्या दुकानात जुना व्हीसीआर दिसला, तर त्याच्या दर्शनी काचेमागे डोकावून पाहा. एके काळी हे यंत्र भाड्याने आणून रात्रभर सिनेमे चालत, आणि त्यावर निळसर हिरवे घड्याळ चमकत असे. ते आकडे दाखवणारी चपटी काचनळी म्हणजे निर्वात प्रतिदीप्त दर्शक. आजच्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरने ती पुन्हा उजळता येते. मात्र नळी सुटी करून घ्या. व्हीसीआरला वीज जोडून आत हात घालू नका.

नळीच्या आत हवा नसते. पुढच्या बाजूस टंगस्टनच्या अतिशय बारीक तारा ताणलेल्या असतात व त्यांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तार सुमारे ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तिचा तांबूस उजेड इतका मंद, की तो अंधारातच दिसावा. तारांमागे धातूची जाळी आणि सर्वांत मागे आकड्याचे तुकडे, म्हणजे धनाग्रे. त्यांवर झिंक ऑक्साइडची पूड. जाळी व धनाग्र दोन्ही धन असतील तरच इलेक्ट्रॉन पुडीवर आदळून प्रकाश पडतो. जाळी ऋण केली की वाट बंद. पुस्तकातला ट्रायोड तो हाच! फक्त याचे काम डोळ्यांना दिसते. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीला हजारो व्होल्ट लागत. ही पूड वीस-तीस व्होल्टवर उजळते. जपानच्या शार्प कंपनीच्या १९६९ मधल्या क्यूटी-८डी गणकयंत्रात असेच दर्शक होते. त्यातले शून्य मात्र इतर आकड्यांच्या निम्म्या उंचीचे!

आता हिशेब करा. आठ आकडे, प्रत्येकाचे सात तुकडे व एक टिंब, म्हणजे ६४ तारा. प्रत्यक्षात सोळा पुरतात. कारण सर्व आकड्यांचे सारख्या जागचे तुकडे आतून एकमेकांना जोडलेले असतात, आणि प्रत्येक आकड्याला जाळी स्वतंत्र असते. जाळी म्हणजे इयत्ता, तुकडा म्हणजे हजेरी क्रमांक. क्रमांक ५ प्रत्येक वर्गात असतो; पण ‘आठवी, क्रमांक ५’ म्हटले की एकच मुलगा उभा राहतो. मायक्रोकंट्रोलर एकेक जाळी उघडत अशी हजेरी घेत जातो. सेकंदाला १०० फेऱ्या झाल्या तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला सव्वा मिलिसेकंद येते, तरी डोळ्याला आठही आकडे स्थिर दिसतात. उजळण्याचा वेळ आठव्या हिश्शावर आल्याने तेज घटते. ते भरून काढायला विद्युत्‌दाब वाढवावा लागतो.

मायक्रोकंट्रोलर स्वतः पाचच व्होल्टचा. त्याचा पाय थेट पंचवीस व्होल्टला जोडाल तर तो जळेल. म्हणून मध्ये जास्त दाब पेलणारी चालक चिप हवी.

माझ्या पहिल्या जोडणीत ७ ची पुसट छाया त्याच्या आधीच्या आकड्यात उमटे. तारा तपासण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. चूक आज्ञावलीत होती: आधीची जाळी बंद होण्यापूर्वीच मी पुढच्या आकड्याचे तुकडे चालू करीत होतो. मध्ये काही मायक्रोसेकंद सारे बंद ठेवताच भूत गेले.

तंतूला मात्र प्रत्यावर्ती वीज देतात. का? बॅटरी जोडून पाहा. तंतूचे एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन-तीन व्होल्टनी अधिक धन राहते, त्या बाजूचे आकडे मंद दिसतात. आता बॅटरीची टोके उलटी करा. मंदपणा दुसऱ्या बाजूला जाईल.