ट्रफल म्हणजे काय? कुडव्याच्या बांधावर ते उगवेल का? आणि बोडा, सात्या त्याचे कोण लागतात?

इटलीतला एक म्हातारा, सोबत कुत्रा, झाडाखाली थोडंसं उकरलं की बटाट्यासारखा ओबडधोबड गोळा, आणि खाली किमतीचा आकडा. असं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्याकडे लावता येईल का? गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात धानाची बांधी आहे, आसपास जंगल आहे, पाऊसही भरपूर. मग अडचण काय?

थेट उत्तर आधी. कुडव्यात खरं ट्रफल येणार नाही. कारण मात्र ‘परदेशी हवामान’ इतकंच नाही.

ट्रफल नेमकं काय असतं?

ट्रफल ही बुरशी आहे, म्हणजे भूछत्राची नातेवाईक. फरक इतकाच की हिचं फळ जमिनीच्या वर येतच नाही. छत्री वर आली की तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. जमिनीखाली वारा कुठला? म्हणून ट्रफल तीव्र वास सोडतं. रानडुक्कर, उंदीर, खारी त्या वासाने येतात, उकरून खातात आणि विष्ठेतून बीजाणू दुसरीकडे पोहोचवतात. माणूस या वासाचे पैसे मोजतो, ते काम मुळात प्राण्यांना बोलावण्याचं. पूर्वी शोधायला डुकरं नेत, पण ती सापडलेला माल मालकाआधी खातात आणि जमीनही उसकटून टाकतात. इटलीत १९८५ पासून डुकरांना मनाई आहे, कामाला कुत्रे असतात. तिथल्या ट्रफल शोधण्याच्या परंपरेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

जाती किती, आणि कुठल्या?

सगळ्यांत महाग पांढरं ट्रफल. इटलीच्या पिडमाँट भागातलं आल्बा हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. क्रोएशियाच्या इस्त्रियातही ते मिळतं. २००७ मध्ये मकाऊच्या कॅसिनोसम्राट स्टॅनली हो यांनी दीड किलोच्या एका गोळ्यासाठी ३ लाख ३० हजार डॉलर मोजले होते. दुसरं काळं, फ्रान्सच्या पेरिगोर भागाच्या नावाने ओळखलं जाणारं, हिवाळ्यात निघणारं. तिसरं उन्हाळी, वासाला सौम्य आणि तुलनेने स्वस्त.

एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच भारत आहे: ट्यूबर इंडिकम. हिमालयातल्या नमुन्यांवरून १८९२ मध्ये तिचं वर्णन झालं. आज ती मुख्यतः चीनच्या युन्नान आणि सिचुआनमधून बाजारात येते. दिसायला पेरिगोरच्या काळ्या ट्रफलसारखी, वासाला फिकी, म्हणून भेसळीला सोयीची. अरबस्तानात आणि इराकमध्ये पावसानंतर वाळवंटी ट्रफल निघतं, ते वेगळ्याच कुळातलं.

मॉलमधल्या ‘ट्रफल ऑइल’विषयीही सांगून टाकतो. त्यातल्या बहुतेकांना वास येतो तो प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनाचा.

मग कुडव्यात का नाही?

मी शिकलो इंजिनीअरिंग, त्यामुळे आधी तक्ता मांडला: मातीचा सामू, पाऊस, तापमान. काळ्या ट्रफलला चुनखडीची, ८ च्या आसपास सामू असलेली माती लागते आणि थंड हिवाळा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. पण तक्त्यात ‘झाड’ हा रकाना भरला आणि बाकीचे रकाने दुय्यम झाले.

ट्रफल एकटं जगत नाही. ते ओक किंवा हेझलसारख्या झाडाच्या मुळांच्या टोकांवर मोज्यासारखं चढतं. झाड त्याला साखर देतं, ते झाडाला मातीतलं पाणी आणि खनिजं आणून देतं. आपला साग, मोह, तेंदू, ऐन यांचंही बुरशीशी असंच देणंघेणं चालतं, पण ती बुरशी निराळी. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरते आणि जमिनीत असे गोळे धरत नाही. सागाखाली ट्रफलचे बीजाणू पोतंभर ओतले तरी त्यांना तिथे घरोबा करायला कोणी नाही.

साल लागला की बोडा लागतो

मोजे चढवणाऱ्या बुरशीशी जमणारं एक मोठं झाड मात्र आपल्या शेजारी आहे: साल. छत्तीसगडीत सरई, बस्तरात सरगी. गोंदियाहून बालाघाटमार्गे कान्हाकडे गेलात तर सागाची साथ सुटून सालाची जंगलं लागतात. या झाडांखाली पहिल्या पावसात गोट्यांएवढे गोळे निघतात. बस्तरात त्यांना बोडा म्हणतात, झारखंडमध्ये रुगडा. बस्तरात सुरुवातीचा गडद रंगाचा तो ‘जात बोडा’, नंतरचा पांढुरका तो ‘लाखडी’. हंगामाच्या तोंडाशी भाव किलोला हजाराच्या पुढे जातो. माती निघेपर्यंत धुवायचा, मसाल्यात शिजवायचा. दाताखाली वरची साल कट्कन फुटते. श्रावणात मटण बंद असलेल्या झारखंडी घरांत त्याची जागा रुगडा घेतो.

शास्त्राच्या हिशेबाने बोडा ट्रफल नाही, दोघांची कुळं पार वेगळी. पिकला की त्याचं बाहेरचं कवच चांदणीसारखं उघडतं आणि आत भुकटी होते. म्हणून खायचा तो कोवळा, आत पांढरा असतानाच.

आणि खास आपल्याकडचं? सात्या. पाऊस मुरला की गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचे ढीग दिसतात. त्यांचा सोबती झाड नसून वाळवी. वारुळात वाळवी ही बुरशी अक्षरशः पिकवते, पालापाचोळा चावून तिच्यासाठी वाफे घालते. गोव्यातली महागडी ओळमी याच गोतातली. वाळवीशिवाय ती शेतात पिकवणं अजून माणसाला साधलेलं नाही. म्हणजे ट्रफल जसं ओकचं, तशा सात्या वारुळाच्या. वारूळ फोडलं की पुढच्या वर्षीची भाजी गेली.

इथे चूक महागात पडते

बांधावर किंवा रस्त्याकडेला निलगिरी असेल तर तिच्याखाली पावसात गोळे निघू शकतात, कारण निलगिरीही मोजेवाल्यांतली. ते बोडा नव्हेत. त्यात स्क्लेरोडर्मा ही बुरशी असू शकते. ती खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. त्याहून वाईट म्हणजे ॲमॅनिटा. या जीवघेण्या छत्रीची कोवळी अवस्था अंड्यासारखी, पांढरी, गोल. तिच्या विषाची लक्षणं सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, मध्येच बरं वाटतं आणि नंतर यकृत निकामी होऊ लागतं. शिजवल्याने हे विष जात नाही. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा निव्वळ समजूत आहे. फोटो ओळखणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. खाल्ल्यावर त्रास झालाच तर उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

दुसरी चूक खिशाची. युरोपात १९७० च्या दशकापासून मुळांवर बुरशी चढवलेली रोपं मिळतात. स्पेन, ऑस्ट्रेलियात त्यांच्या बागा उभ्या आहेत, पण पहिलं फळ दिसायलाच साधारण पाच ते दहा वर्षं लागतात. तुमच्या दारात कोणी ‘ट्रफलचं रोप’ घेऊन आलं तर पैसे काढण्याआधी तीन गोष्टी विचारा: झाड कोणतं, त्याच्या मुळांवर ट्रफलचीच बुरशी असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसून फळ दिलेली बाग कुठे बघायला मिळेल?