विश्लेषण : ट्रान्सफॉर्मर्सच्या अंगावरचे साल का फसवते?

ऑप्टिमस प्राइम हा जगभर अमेरिकी नायक म्हणून ओळखला जातो. हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये त्याला अमेरिकी बाजारात आणले. पण खेळणे नवे नव्हते. जपानची ताकारा कंपनी हाच लाल ट्रक ‘बॅटल कॉन्व्हॉय’ म्हणून आधीच विकत होती. जुन्या रोबोंच्या संग्राहकांची निम्मी शोधाशोध या ‘आधी’साठीच असते.

मूळ खेळणी कोणती?

ताकाराच्या दोन मालिका. १९८० मध्ये आलेल्या ‘डायक्लोन’मध्ये रोबो निव्वळ यंत्र होते. ते चालवायला बोटाच्या पेराएवढा चालक मिळे, त्याच्या पायांत चुंबक असे. १९८२ पासून या मालिकेत खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती रोबो होऊ लागल्या. दुसरी ‘मायक्रो चेंज’, १९८३ची. तिच्यात पिस्तूल, कॅसेट प्लेअर अशा रोजच्या वस्तूंचे रोबो होत. पिस्तुलाचा पुढे मेगाट्रॉन झाला, कॅसेट प्लेअरचा साउंडवेव्ह.

हॅस्ब्रोने काय बदलले?

साचे जवळपास तेच ठेवले, गोष्ट बदलली. ती मार्व्हल कॉमिक्सकडून लिहून घेतली. बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी ठरवले. चालक गेला आणि यंत्रालाच जीव आला. त्याची जागा मात्र साच्यात राहून गेली. आयर्नहाइडच्या पहिल्या खेळण्याला तर धड डोकेच नाही. तिथे चालकाची खुर्ची आहे!

मग साल का फसवते?

बंबलबीच्या अंगावर १९७४ आणि १९८३ ही साले कोरलेली आहेत. नवखा ग्राहक ‘१९७४ची दुर्मीळ वस्तू’ समजून खिसा रिकामा करतो. प्रत्यक्षात ‘मायक्रोमॅन’ ही मालिका १९७४ मध्ये आली आणि ‘मायक्रो चेंज’ तिची शाखा. म्हणजे ही साले ताकाराच्या हक्कांची, खेळणे बनल्याची नव्हेत.

तीच गत ब्लूस्ट्रीकची. अमेरिकी खोक्यावर गाडी निळी छापलेली, आत निघे चंदेरी. निळी गाडी डायक्लोनमध्ये होती. त्यामुळे कुणी ‘निळा ब्लूस्ट्रीक’ दाखवला, तर तो हॅस्ब्रोचा की कुणी डायक्लोनवर स्टिकर चिकटवलेला, हे तपासावेच लागते.

ओळखायचे कसे?

१९८५ पासून हॅस्ब्रोने नकला रोखण्यासाठी उष्णतेने उजळणारा स्टिकर लावला. अंगठा घासला की रोबोच्या गटाचे चिन्ह दिसते. पण १९८४च्या पहिल्या खेळण्यांवर तो नाहीच, म्हणून स्टिकर नसलेले ते बनावट, असे म्हणता येत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत पुन्हा काढलेल्या ऑप्टिमसच्या धुराड्याच्या नळ्या मुलांच्या सुरक्षेसाठी आखूड केल्या होत्या. ही खूण चटकन दिसते.

प्रतिस्पर्धी गोबॉट्सही मूळचे जपानीच. पोपी कंपनीच्या ‘मशीन रोबो’ मालिकेतील खेळणी टोंका कंपनी अमेरिकेत या नावाने विकत होती. हॅस्ब्रोने १९९१ मध्ये टोंकाच विकत घेतली.

संग्राहकाची खरी डोकेदुखी वेगळी आहे. पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते, हे निदान दिसते तरी. सोनेरी झाक असलेले काही प्लास्टिक मात्र वर्षांगणिक ठिसूळ होत जाते. असा रोबो खोक्यात नवाकोरा दिसतो आणि गाडी करायला हात वळवला की तुकडा हातात येतो.