बालवयातील धर्मशिक्षण आणि कॅथलिक भक्तिजीवन : गोमंतकाचा दाखला

धर्मशिक्षणाने बालकाच्या भक्तिजीवनाला कोणते वळण लागते, हा प्रश्न बहुधा शिकविलेल्या तत्त्वांच्या अंगाने विचारला जातो. तथापि त्या तत्त्वांइतकेच, किंबहुना त्यांहूनही अधिक, महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला आहे. पाठशाळेत मुखोद्गत केलेले शब्द मूल घरी गेल्यावर कोणत्या भाषेत आणि कोणत्या चालीवर पुन्हा उच्चारते, ही ती गोष्ट होय. गोमंतकातील कॅथलिक धर्मशिक्षणाचा सोळाव्या-सतराव्या शतकांतील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यास आला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे आणि मुलांना धर्मपाठासाठी एकत्र करी. श्रद्धासूत्र, प्रभूची प्रार्थना, मरियेची वंदना आणि दहा आज्ञा इतकाच पाठ असे व तो मोठ्याने म्हणवून घेतला जाई. लेखन-वाचन न जाणणाऱ्या मुलाच्याही ठायी ठरावे, यासाठी या शिक्षणाचा सारा भर पाठांतरावर होता.

पुढे तमिळ किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत त्याने हीच रीत चालविली. प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या. 15 जानेवारी 1544 च्या पत्रात त्याने तिचे परिणाम सांगितले आहेत. आजाऱ्यांकडून बोलावणी इतकी येत, की तो प्रार्थना पाठ असलेल्या मुलांनाच तेथे धाडी व ती रोग्याच्या उशाशी प्रार्थना म्हणत. शिकलेल्या शब्दांना येथे कार्य लाभले. शब्दांवर कार्य सोपविले गेले, की ते केवळ पाठ राहत नाहीत. परंतु त्याच पत्रात दुसरीही एक बाजू दिसते. आईबापांनी जुन्या देवांची पूजा केल्यास मुले त्यांची निर्भर्त्सना करीत व त्याची वार्ता झेवियरला आणून देत. त्याने हे समाधानाने लिहिले आहे. आजच्या अभ्यासकास मात्र धर्मपाठाने घराच्या मधोमध ओढलेली रेषाच त्यात दिसते.

ही रेषा पुसावी कशी, या प्रश्नाचे एक उत्तर फादर थॉमस स्टीफन्स याच्या कार्यात सापडते. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि त्याचे आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. त्याने कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मपाठ रचला. तो त्याच्या मृत्यूनंतर 1622 साली रायतूर येथे छापला गेला. गुरूने विचारावे आणि शिष्याने ठरलेले उत्तर द्यावे, अशी त्याची धाटणी आहे. अशा पाठाने श्रद्धेच्या मर्यादा स्पष्ट होतात, परंतु मनास रमण्याजोगे त्यात थोडेच असते.

या उणिवेची जाणीव खुद्द स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'त नोंदली गेली आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मपाठ दिला जात असता एका ब्राह्मण श्रोत्याने पाद्रीगुरूस विनविले, की आमची पूर्वीची पुराणे निषिद्ध झाली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग येतो. सुमारे 11 हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ 1616 साली छापला गेला. ओवी ही जात्यावरची आणि कीर्तनातली. पाठशाळेने दिलेला आशय श्रोत्याच्या ओळखीच्या चालीत बसला, तेव्हाच तो त्याच्या घरात शिरू शकला.

हा मेळ टिकू नये अशीही पावले पुढे पडली. 1684 च्या व्हाइसरॉयच्या आज्ञेने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान निघाले. पाठशाळेची भाषा आणि आईची भाषा यांची फारकत करण्याचाच हा यत्न होता. तो सफल झाला नाही. कोकणी घरांतून तिन्हीसांजेची जपमाळ, म्हणजे 'तेर्स', आणि खुरसापुढील 'लादिन' चालत आली. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील प्रती आज उपलब्ध नाहीत, पण हस्तलिखितांनी ते जपले. 1907 साली मंगळूर येथे ते रोमन लिपीत आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने देवनागरीत प्रसिद्ध झाले.

दहाव्या पायस पोपांनी 1910 साली, विवेकाची जाण येण्याचे वय, म्हणजे सुमारे सातवे वर्ष, हेच प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी योग्य ठरविले. त्यामुळे आज कॅथलिक बालकाच्या हाती धर्मपाठ लवकर येतो. सात वर्षांच्या मुलास त्यातील सारा अर्थ उमगणार नाही हे उघड आहे, आणि केवळ घोकंपट्टी म्हणून त्या पाठाची हेटाळणी करणेही सोपे आहे. परंतु गोमंतकाचा दाखला वेगळे सांगतो. अर्थ मागाहून येऊ शकतो. मात्र तो येईपर्यंत शब्दांना वस्तीस जागा लागते. ती जागा पाठशाळा देऊ शकत नाही. ती आजारी शेजाऱ्याच्या उशाशी, तिन्हीसांजेच्या जपमाळेत आणि आईच्या भाषेत असते. पाठशाळेने पेरावे आणि घराने राखावे, तेव्हाच पाठांतराची भक्ती होते.