ग्लायडर उड्डाणविषयक पुस्तकांची निवड

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे, स्थिर पंखांचे विमान होय. ते सतत खाली सरकत असते. भोवतालची हवा त्याहून अधिक वेगाने वर जात असेल तरच त्याला उंची मिळते. अशी हवा शोधून तिच्या आधारे उंची, अंतर आणि काळ वाढवीत नेण्याच्या कौशल्यास सोअरिंग म्हणतात. हे कौशल्य अंगी बाणते ते प्रत्यक्ष उड्डाणातूनच. तथापि विंचच्या साहाय्याने केलेले एक प्रशिक्षण उड्डाण अनेकदा काही मिनिटांतच संपते. एवढ्या अल्प वेळात विचार करण्यास सवड नसते. म्हणून जमिनीवर केलेल्या वाचनाला या क्रीडेत असाधारण महत्त्व आहे. कोणते पुस्तक केव्हा वाचावे आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्या हवेला व आपल्या मैदानाला लागू पडत नाही, हे ओळखणे हा त्या वाचनाचाच भाग मानला पाहिजे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात ग्लायडिंगचे नाव निघाले की पुण्याजवळील हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आठवते. हे केंद्र अनेक दशके नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने चालविले. तेथे ग्लायडर विंचने, म्हणजे लांब तार वेगाने गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर ओढला जातो. एकेकाळी मोकळ्या असलेल्या या मैदानाभोवती आता दाट वस्ती झाली आहे. त्यामुळे मैदानापर्यंत परतण्याइतकी उंची राखण्याचे गणित येथे जुन्या पुस्तकांतील उदाहरणांपेक्षा अधिक कडक आहे.

भारतात ग्लायडरांचे आराखडेही तयार झाले. नागरी विमानवाहतूक विभागाच्या तांत्रिक केंद्रात रचलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांवरून नावे देण्यात आली. अश्विनीचे पहिले उड्डाण १९५८ साली, तर रोहिणीचे १९६१ साली झाले. भरणी, कार्तिक, मृगशीर व आर्द्रा ही त्यापुढची नावे. रोहिणीत प्रशिक्षक व विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. परदेशी पुस्तकांतील बहुतेक चित्रे मात्र एकामागे एक आसने असलेल्या ग्लायडरमधून दिसणाऱ्या क्षितिजाची असतात. मध्यरेषेवर बसलेल्याला नाक जेथे दिसते तेथे ते बाजूला बसलेल्याला दिसत नाही. डाव्या आणि उजव्या वळणांत तर हा फरक उलटसुलट होतो. चित्र पाहून नाकाची जागा पाठ करणाऱ्याची अशा ग्लायडरमध्ये फसगत होते.

ठाणे जिल्ह्यातील कोपर, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील इच्छुकाला हडपसर गाठण्यासाठी घाट चढून जावे लागते. पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध असलेले कामशेत हे लोणावळा–पुणे लोकल मार्गावरील स्थानक त्या मानाने जवळ आहे. जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि वाट्याला मोजकीच उड्डाणे येतात. अशा वाचकाचे बरेचसे शिक्षण लोकलच्या प्रवासात, पुस्तकातूनच होणार, हे गृहीत धरून पुढील विवेचन केले आहे.

एकट्याने उडण्यापूर्वीचे वाचन

पहिल्या टप्प्यावर एकच सर्वसमावेशक हस्तपुस्तिका पुरेशी ठरते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची, ग्लायडर फ्लाइंग हँडबुक ही पुस्तिका विनामूल्य उपलब्ध असल्याने विद्यार्थ्यांत ती सर्वाधिक वाचली जाते. उपकरणे, वायुगतिकी, वजनाचा समतोल, हवामान हे सर्व विषय तीत क्रमाने येतात. तिच्या दोन मर्यादा ध्यानी ठेवाव्या लागतात. तिच्यातील नियम आणि हवाई क्षेत्रांचे वर्गीकरण अमेरिकी आहे. भारतीय परीक्षेसाठी ते उपयोगाचे नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अमेरिकेत ग्लायडर बहुधा दुसऱ्या विमानाने ओढून नेला जातो, म्हणून या पुस्तिकेचा भरही त्या पद्धतीवर आहे. विंचच्या चढाईत नाक बरेच वर उचललेले असते. त्या स्थितीत तार तुटली तर वेग पाहता पाहता घटतो. अशा वेळी आधी नाक खाली घेऊन सुरक्षित वेग परत मिळवावा लागतो आणि त्यानंतरच वळण घ्यावे लागते. हा क्रम चुकला तर जमिनीजवळ स्पिन, म्हणजे गिरकी खात कोसळण्याचा धोका असतो. ज्या केंद्रात विंच वापरतात तेथील विद्यार्थ्याने विंचवर सविस्तर प्रकरण असलेले पुस्तकच प्रथम हाती घ्यावे.

या दृष्टीने इंग्लंडमधील डेरेक पिगॉट (१९२२–२०१९) यांची पुस्तके उजवी ठरतात. लॅशम येथील केंद्रात ते मुख्य प्रशिक्षक होते. चित्रपटांसाठी त्यांनी जुन्या बनावटीची विमानेही उडविली. १९५८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘ग्लायडिंग’ हे हस्तपुस्तक पुढे अनेकदा सुधारून निघाले. विद्यार्थी नेमका कोठे चुकतो याची त्यांना असलेली जाण इतर लेखकांत क्वचितच आढळते. नाक झपकन खाली गेल्यावर शरीर हलके झाल्यासारखे वाटते. काही विद्यार्थी या संवेदनेलाच स्टॉल समजतात आणि घाबरून स्टिक आणखी पुढे ढकलतात. या विषयावर पिगॉट यांनी स्वतंत्र लेखन केले आहे. ज्याला असा अनुभव आला असेल त्याला ते वाचून धीर येतो आणि चूकही सुधारते.

वुल्फगांग लांगेविशे यांचे ‘स्टिक अँड रडर’ (१९४४) हे पुस्तक मुख्यतः इंजिनाच्या विमानांसाठी लिहिलेले आहे. तरीही ग्लायडरचालक ते आवर्जून वाचतात. पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो यावर सर्व काही अवलंबून आहे, ही एकच गोष्ट लेखक शंभर बाजूंनी समजावतो. शैली पाल्हाळिक आहे. परंतु वळणात स्टॉलचा वेग का वाढतो हे एकदा मनात पक्के बसले की पुढची आकडेमोड सोपी होते. समतल वळणात ३० अंशांच्या कलतीला स्टॉलचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी, ४५ अंशांना सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. उलट, ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ग्लायडरच्या वर्तुळाची त्रिज्या ३० अंशांच्या कलतीला सुमारे ११० मीटर असते, ती ४५ अंशांना ६५ मीटरच्या आत येते. अरुंद ऊर्ध्वप्रवाहात टिकायचे तर कलती वाढवावी लागते आणि कलती वाढवली की सुरक्षिततेचा पैस कमी होतो. सोअरिंगमधील बहुतेक निर्णय याच ओढाताणीतून घ्यावे लागतात.

हवामानविषयक पुस्तके

सूर्याच्या उष्णतेने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभास थर्मल म्हणतात. सी. ई. वॉलिंग्टन यांचे ‘मिटिओरॉलॉजी फॉर ग्लायडर पायलट्स’ (१९६१) आणि टॉम ब्रॅडबरी यांचे ‘मिटिओरॉलॉजी अँड फ्लाइट’ ही या विषयावरील नावाजलेली पुस्तके आहेत. दोन्ही लेखक हवामानतज्ज्ञ होते आणि दोघांची उदाहरणे बव्हंशी ब्रिटनच्या आकाशातील आहेत. भारतीय वाचकाने त्यातून तत्त्व घ्यावे, आकडे स्वतः मांडावेत.

याचे एक सोपे उदाहरण पाहता येईल. जमिनीवरील तापमान आणि दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे पुंजमेघांचा तळ सुमारे १२५ मीटर उंच जातो. एप्रिलमधील एखाद्या दुपारी कोपर येथे तापमान ३३ अंश आणि दवबिंदू २४ अंश असेल, तर ढगांचा तळ सुमारे ११२५ मीटरवर येतो. त्याच दिवशी पुण्यात तापमान ३८ आणि दवबिंदू ८ असेल, तर तो जमिनीपासून सुमारे ३७५० मीटरवर जातो. एवढ्या कोरड्या हवेत पुष्कळदा ढग बनतच नाहीत. ब्रिटिश पुस्तके ढगाखाली थर्मल शोधण्यास शिकवितात. दख्खनच्या उन्हाळ्यात मात्र नांगरलेली काळी रानं, वावटळीत उडणारा पाचोळा आणि घिरट्या घालणाऱ्या घारी हीच खूण असते. घार पंख न हलविता वर चढत असेल तर तेथे वर जाणारी हवा आहे, यात संशय नाही. घारीचे वर्तुळ लहान असल्याने ती जेथे टिकते तेथे ग्लायडर टिकेलच असे मात्र नाही.

उंची आणि उष्णता यांचा आणखी एक परिणाम पुस्तकांत सहसा ठसठशीत येत नाही, कारण ती थंड प्रदेशातील सखल मैदानांवर लिहिली गेली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे ३८ अंश तापमानात हवा इतकी विरळ असते की वेगमापकावर दिसणाऱ्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग सुमारे ७ टक्क्यांनी अधिक असतो. त्यामुळे वळणे रुंद होतात आणि उतरल्यावर ग्लायडर अधिक लांब धावतो. वेगमापकाचा आकडा मात्र पुस्तकात सांगितलेलाच ठेवायचा असतो. जमीन वेगाने मागे जाते आहे असे वाटून नाक वर घेणे ही उघड चूक होय.

कोकणपट्टीतील वाचकाला जॉन सिम्पसन यांचे ‘सी ब्रीझ अँड लोकल विंड’ (१९९४) हे पुस्तक जवळचे वाटेल. सिम्पसन स्वतः ग्लायडर उडवीत. सागरी वाऱ्याची आघाडी जमिनीवर कशी सरकते याचा त्यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये अभ्यास केला. आपल्याकडील खाऱ्या वाऱ्यांचे शास्त्र तेच आहे. दुपारी समुद्रावरून आलेली दमट, थंड हवा ठाण्याच्या खाडीकाठी पसरते आणि थर्मल मंदावतात. या हवेच्या पुढच्या कडेवर मात्र तापलेली हवा वर ढकलली जाते. ग्लायडरचालक त्या कडेलगत उडतात. तिच्या मागे, समुद्राच्या बाजूला गेले तर ऊर्ध्वप्रवाह संपतो. हीच हवा घाट चढून दिवस उतरताना पुण्याकडे पोहोचते, तेव्हा तेथील वाऱ्याची दिशा व मैदानावर उतरण्याची दिशा दोन्ही बदलू शकतात.

डोंगरउतारावर आदळून वर जाणाऱ्या वाऱ्याविषयीची प्रकरणे सह्याद्रीच्या संदर्भात जपून वाचावीत. नैऋत्य मोसमी वारे कड्यांवर जोराने आदळतात हे खरे. परंतु त्या ऋतूत कडे ढगांत बुडालेले असतात, पावसाने पंखाची कार्यक्षमता घटते आणि खाली दऱ्या व जंगल असल्याने उतरण्याजोगे शेत सापडत नाही.

लांब पल्ल्याची पुस्तके

आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या रजत बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंचीची वाढ आणि ५ तास उड्डाण या अटी आहेत. या टप्प्यावर वाचनाचा विषय बदलतो. पश्चिम जर्मनीचे हेल्मुट राइखमान हे १९७०, १९७४ आणि १९७८ असे तीनदा विश्वविजेते ठरले. त्यांचे मूळ जर्मन पुस्तक १९७० च्या दशकाच्या मध्यास निघाले आणि ‘क्रॉस-कंट्री सोअरिंग’ या नावाने इंग्रजीत आले. ते या शाखेतील प्रमाणग्रंथ मानले जाते. त्याचे व्यवहार आणि सिद्धान्त असे दोन भाग आहेत. नवख्याने व्यवहाराचा भाग आधी वाचावा.

सिद्धान्ताच्या भागाचा गाभा पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगाच्या नियमात आहे. मॅक्रेडी १९५६ साली विश्वविजेते झाले, आणि १९७७ साली त्यांचे गॉसमर काँडोर हे मानवी शक्तीवर चालणारे विमान यशस्वी झाले. नियमाचे मर्म असे: घाईने जाताना गमावलेली १०० मीटर उंची सेकंदाला ३ मीटर चढविणाऱ्या थर्मलमध्ये ३३ सेकंदांत परत मिळते, सेकंदाला अर्धा मीटर चढविणाऱ्या थर्मलमध्ये त्यालाच २०० सेकंद लागतात. म्हणून पुढे बळकट थर्मलची अपेक्षा असेल तर वेगाने जावे, नसेल तर सावकाश. नियम निर्दोष आहे, पण तो शर्यतीतील सरासरी वेगासाठी रचलेला आहे. पुढचा थर्मल मिळेलच याची तो हमी देत नाही. अननुभवी वाचक बहुधा हे विसरतो आणि शहराच्या कडेला कमी उंचीवर अडकतो. पन्नास किलोमीटरच्या पहिल्या उड्डाणासाठी या सिद्धान्तापेक्षा शेत निवडून सुरक्षित उतरण्यावरील प्रकरण अधिक मोलाचे आहे.

बर्नार्ड एकी यांचे ‘ॲडव्हान्स्ड सोअरिंग मेड ईझी’ ऑस्ट्रेलियातील अनुभवावर आधारलेले आहे. उष्ण, कोरड्या आणि निरभ्र थर्मलांचे वर्णन हवे असणाऱ्या दख्खनी वाचकाला ते युरोपीय पुस्तकांपेक्षा अधिक परिचित वाटते.

पुस्तके वाचताना एककांकडे लक्ष द्यावे. चढण्याचा दर जर्मन पुस्तकांत सेकंदाला मीटर, ब्रिटिश पुस्तकांत नॉट आणि अमेरिकी पुस्तकांत अनेकदा मिनिटाला फूट असा येतो. सेकंदाला १ मीटर म्हणजे जवळपास २ नॉट किंवा मिनिटाला २०० फूट. पुस्तकातील ‘चारचा थर्मल’ कोणत्या एककात आहे हे न पाहिल्यास अंदाज दुपटीने चुकतो.

अनुभवकथने

१९५२ चे विश्वविजेते फिलिप विल्स यांचे ‘ऑन बीइंग अ बर्ड’ (१९५३) हे तंत्राचे पुस्तक नाही. त्यातून आनंद मिळतो आणि अनुभवी चालक अनिश्चिततेत कसा विचार करतो हेही कळते. मात्र ढगांत शिरून उंची मिळविण्याची त्या काळातील रीत आज अनुकरणीय नाही. तेव्हाचे आकाश मोकळे होते.

पॅराग्लायडिंगचे वाचक

कामशेत किंवा पाचगणी येथे पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांनी ग्लायडरच्या पुस्तकांतील हवामानाचा भाग निःशंक वाचावा. डेनिस पेगन यांचे ‘अंडरस्टँडिंग द स्काय’ तर अशाच वाचकांसाठी लिहिलेले आहे. वेग व स्टॉल यांवरील प्रकरणे मात्र सोडून द्यावीत. पॅराग्लायडरचा सामान्य वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्याचा पंख कापडी असल्याने तो मिटू शकतो. ग्लायडरचालकाला अशा संकटाचा अनुभव नसतो.

प्रशिक्षकाचे म्हणणे आणि पुस्तकाचे म्हणणे यांत विरोध दिसला तर तो प्रश्न जमिनीवर, उड्डाणापूर्वी विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत प्रशिक्षकाच्या सूचनेप्रमाणे वागावे. पुष्कळदा विरोध केवळ ग्लायडरच्या प्रकारामुळे असतो. गिरकीतून बाहेर येण्याची नेमकी कृती त्या त्या ग्लायडरच्या उड्डाण पुस्तिकेत दिलेली असते. कोणत्याही लेखकाच्या सर्वसामान्य सल्ल्यापेक्षा तीच प्रमाण मानतात.